चारशे सातचा निळा

२ मार्च

रंगाची माझी वही वेगळी आहे. कुठला डबा किती, थिनर किती, वाळायला किती तास, एवढंच तिच्यात असतं. माणसांबद्दल तिच्यात काही लिहायचं नाही हा मी स्वतःच घालून घेतलेला नियम, आणि आजची गोष्ट माणसांची आहे. म्हणून ही दुसरी वही काढली. बायकोला सांगितलं की हिशोब लिहितोय. तिचा विश्वास बसलेला दिसला नाही.

सकाळी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. इंजिनदुरुस्तीच्या या कारखान्याला यंदा साठ वर्षं होतायत. २० एप्रिलला फाटक सगळ्यांसाठी उघडं ठेवणार आणि मधल्या रुळावर चारशे सात नंबरचं जुनं डिझेल इंजिन उभं करणार. तेही आजच्या राखाडी रंगात नाही, त्याच्या मूळ चोचीच्या नमुन्यात. निळं अंग, कमरेला सायीच्या रंगाचा पट्टा, त्या पट्ट्याच्या वर एक बोटभर लाल रेघ. ही रेघ दोन्ही अंगांनी पुढे येते आणि नाकावर खाली उतरून मधोमध मिळते, पाखराच्या चोचीसारखी. इतका देखणा नमुना पुन्हा कुणी काढला नाही.

"तो रंग डोळ्यांनी पाहिलेला माणूस तुमच्याशिवाय कारखान्यात उरलेला नाही, मिस्त्री," साहेब म्हणाले. "फोटो आहेत ते सगळे काळेपांढरे."

मी म्हटलं, फोटोची गरज नाही. छत्तीस वर्षांपूर्वी नवा लागलो तेव्हा या इंजिनाला शेवटचा निळा हात देताना मी स्वतः डबे ढवळले आहेत. तो निळा मी झोपेतही ओळखीन.

रंगशाळेपर्यंत येताना पाय जमिनीला लागत नव्हते. निवृत्तीला दोन वर्षं राहिली आहेत. जाता जाता असं काम मिळणं म्हणजे नशीबच.

५ मार्च

आज फिरकीला घेऊन चारशे सात घासायला घेतलं. फिरकी म्हणजे माझ्या हाताखालची पहिली रंगारीण. अकरा वर्षं माझ्याकडे आहे. एका जागी पाच मिनिटं ठरत नाही आणि येताजाता लोकांची फिरकी घेते, म्हणून हे नाव पडलं. तिची दोन मुलं शाळेत जातात, तरी तिला कुणी खऱ्या नावानं हाक मारत नाही.

नंबराच्या पाटीखाली ओल्या कागदानं गोल गोल घासत गेलो. झाडाच्या खोडात दिसतात तशी वलयं निघाली. वरचं राखाडी, सगळ्यात कंटाळवाणं. त्याखाली पिवळं, रुळावर काम करणाऱ्यांना इंजिन लांबून दिसावं म्हणून केलेलं. मग विटकरी. मग हिरवं, ते एका अधिकाऱ्याच्या बायकोला आवडायचं म्हणून झालं अशी बोलवा होती. आणि अगदी तळाशी, प्रायमरच्या वर, बोटाएवढा मूळ निळा.

माझी निराशा झाली. इतक्या वर्षांत तो पार उतरला आहे. निळा कसला, शेवाळ वाटतं.

"हा काही उपयोगाचा नाही," मी म्हटलं. "हिरवट पडलाय."

फिरकीनं वाकून बराच वेळ पाहिलं. "काका, मला तर चांगला निळा दिसतोय."

"तेव्हा तुझा जन्मही झाला नव्हता."

ती गप्प बसली. तिचं गप्प बसणं हल्ली वाढलंय. घरी काही असेल.

८ मार्च

साहेबांच्या सांगण्यावरून गावातल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो, त्यांना छोटी इंजिनं करायचा नाद आहे. दवाखाना खाली, आणि वरच्या अख्ख्या खोलीत त्यांची छोटी रेल्वे. रूळ, बोगदे, पूल, फाटकं, आणि साठ-सत्तर इंजिनं, प्रत्येक साधारण वीतभर. केस पांढरे झालेल्या बाई गुडघ्यांवर बसून रुळांचे सांधे फिरवत होत्या.

मी दोन तास तिथून हललो नाही. माझी सगळी हयात इंजिनं रंगवण्यात गेली, पण इतके नमुने एका जागी कधी पाहिले नव्हते. काळ्या अंगावर पांढरी पिसं काढलेलं एक. सोनेरी-तपकिरी एक. बिस्किटांची जाहिरात रंगवलेलं एक. आणि एक असं की अंग एका रंगाचं, तोंड भलत्याच रंगाचं. बाई म्हणाल्या, "दोन रेल्वे कंपन्या एक झाल्या. नव्या मालकानं फक्त तोंड रंगवलं आणि म्हणाला बाकीचं पुढं बघू." मला हसू आवरेना. आमच्याकडेही पुढं बघू म्हणून राहिलेली कितीतरी कामं आहेत.

एक गोष्ट नवी कळली. इंजिन लहान केलं की रंग गडद दिसतो, म्हणून बाई मूळ रंगात थेंब थेंब पांढरा घालतात. छत्तीस वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

त्यांच्याकडे चोचीच्या नमुन्यातलं चारशे सातही आहे. रेघ सुरेख. पण निळा चुकला आहे, हिरवट झालाय. मी तसं सांगितलं. बाईंनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं, मग इंजिनाकडे, मग परत माझ्याकडे. वादच घातला नाही. मला वाटलं पटलं असावं.

निघताना बाईंनी घरचा फोन नंबर मागितला. बायकोचा दातांचा काही प्रश्न असेल तर सांगा म्हणाल्या. भली बाई.

१२ मार्च

निळा जमत नाही. कंपनीचा माल पूर्वीसारखा राहिलेला नाही. डब्यावर नंबर बरोबर, आत भलताच मळकट रंग. तीनदा निळा वाढवला, चिमूटभर जांभळा घातला, तेव्हा कुठे जरा जिवंत वाटला. दिवेही पिवळे पडलेत, वायरमनला सांगून नळ्या बदलून घेतल्या. काही फरक नाही. नळ्यांचा मालसुद्धा खराब.

दुपारी फिरकी म्हणाली, "काका, पाटीखालच्या निळ्याशेजारी धरून बघू या का?" मी म्हटलं, मेलेल्या रंगाला साक्षीला कशाला बोलावतेस.

१४ मार्च

बायको आणि डॉक्टरीणबाई यांची एकदम गट्टी जमली आहे. काल चहाला घरी आल्या होत्या. मी आत शिरताच दोघी बोलायच्या थांबल्या. दातांबद्दल इतकं काय बोलण्यासारखं असतं कोण जाणे.

रात्रीपासून बायकोनं एकच लकडा लावला आहे. "अहो, एकदा डोळे दाखवून या."

"रेघेत अडकलेला ब्रशचा केस मी दहा पावलांवरून ओळखतो."

"आणि पायात एक मोजा काळा, एक निळा घालून जाता ते?"

दोन्ही काळेच होते. वाद वाढवला नाही.

१८ मार्च

डाव्या बाजूला निळ्याचे दोन हात मारून झाले. फवारणी मीच केली. टोपी काढून मागे सरलो. सगळी माणसं जमली होती, वेल्डर, फिटर, भांडारातला कारकून. कुणाच्या तोंडून शब्द फुटला नाही. मी इतकी वर्षं कामं केली, पण माणसं अशी स्तब्ध झालेली पाहिली नव्हती.

उजवी बाजू उद्या घेऊ म्हटलं. फिरकी म्हणाली, दोन दिवस थांबू या, नीट वाळू दे. एरवी तिलाच घाई असते.

१९ मार्च

हे लिहिताना अजून कान तापलेले आहेत. पण क्रमानं लिहितो.

दुपारी डॉक्टरीणबाई कारखान्यात आल्या. हातात त्यांचं वीतभर चारशे सात आणि रंगांच्या पट्ट्यांचं पुस्तक. फिरकीनं बोलावलं होतं हे नंतर कळलं. रंगशाळेच्या दारात, चांगल्या उन्हात, त्यांनी पुस्तक उघडलं आणि एका पट्टीवर बोट ठेवलं.

"हा कोणता, मिस्त्री?"

"काळा."

"आणि हा?"

"मळका राखाडी."

त्यांनी फिरकीकडे पाहिलं. ती खाली बघत म्हणाली, "पहिला गडद निळा आहे, काका. दुसरा जांभळा."

मला वाटलं माझीच फिरकी घेतायत. तिथून जाणाऱ्या फिटरला विचारलं. तो तेच म्हणाला. भांडारातल्या कारकुनाला विचारलं. तोही तेच.

"मी दातांची डॉक्टर आहे, डोळ्यांची नाही," बाई शांतपणे म्हणाल्या. "पण माझ्या वडिलांना असंच झालं होतं. मोतीबिंदू पिकताना नजर पिवळी होत जाते, आणि ती इतकी हळूहळू होते की ज्याची त्यालाच कळत नाही. परवा तुम्ही माझ्या निळ्याला हिरवा म्हणालात तेव्हाच शंका आली."

"मग हे डावं अंग?" मी विचारलं.

कारकून हळूच भांडाराकडे निघाला.

"आणि आत्तापर्यंतची कामं? गेल्या वर्षभरात एक तक्रार आली नाही."

फिरकीनं खिशातून छोटी वही काढून माझ्या हातात दिली. तारीखवार लिहिलेलं. माझं मिश्रण, आणि त्याखाली मी घरी गेल्यावर तिनं त्यात काय घातलं ते. 'राखाडी. काकांनी निळा जास्त घातला. पिवळा अर्धी वाटी वाढवला.' 'साय. फार पांढरी. पिवळा दोन चमचे.' मोजल्या तर एकतीस नोंदी निघाल्या.

"या खेपेला तुम्ही डबा सोडून हललाच नाहीत," ती म्हणाली. "मला हात लावायला मिळालाच नाही."

मी वही तिच्या अंगावर टाकली आणि घरी आलो. जे बोललो ते इथं लिहीत नाही.

२० मार्च

कामावर गेलो नाही. एकतीस.

२१ मार्च

बायकोनं काही न विचारता डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. ते माझ्या मुलाच्या वयाचे असतील, पण समजावून छान सांगतात. "आपण सगळं चहाच्या रंगाच्या काचेतून बघतोय असं समजा. निळा त्यातून पोचतच नाही, म्हणून तुम्ही तो वाढवत राहता." दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. आधी उजवा, महिन्यानं डावा. शस्त्रक्रिया पंचवीसला. त्यानंतर तीन आठवडे रंगाची धूळ आणि फवारा, दोन्हींपासून लांब राहायचं.

येताना बायकोला विचारलं, तुला कधीपासून माहीत होतं. म्हणाली, "माहीत नव्हतं हो. नुसतं वाटत होतं. तुम्हाला रंगातलं शिकवायला मी कोण?"

वीस एप्रिलपर्यंत चारशे सात पुरं होणार नाही, आणि ते माझ्यामुळे. हे मला फार लागलं आहे. फिरकीच्या अंगावर वही टाकली त्याचंही लागलं आहे, पण ते अजून नीट कबूल करवत नाही.

२७ मार्च

काल पट्टी काढली. डॉक्टरांच्या अंगरख्याकडे बघून मी विचारलं, हा इतका निळसर का. ते म्हणाले, पांढरा आहे, आजोबा. आजोबा म्हटल्याबद्दल त्यांना माफ केलं.

घरी आलो आणि स्वयंपाकघराच्या दारात थबकलो. मागच्या वर्षी मी ते स्वतः रंगवलं होतं, फिकट आकाशी, शांत वाटावं म्हणून. आत भिंती अशा भडक निळ्या होत्या की भांड्यांवरसुद्धा निळी झाक पडली होती.

"आपण वर्षभर इथं जेवतोय?"

"जेवतोय की," बायको म्हणाली. "पहिला महिना डोकं दुखायचं. मग मोठे पडदे लावले, तेव्हापासून बरंय."

दोघंही हसत सुटलो. डॉक्टरांनी जोरात हसू नका म्हटलं होतं, पण इलाज नव्हता. संध्याकाळभर मी एकदा एक डोळा झाकत होतो, एकदा दुसरा. डाव्या डोळ्यानं बायकोचे केस पिवळसर, उजव्यानं चांदीसारखे पांढरे. तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "डावाच ठेवा मग." पण खूश झाली होती.

१ एप्रिल

गॉगल लावून कारखान्यात गेलो. रंगशाळेत न शिरता दारातूनच डावं अंग पाहिलं. एवढं मोठं इंजिन आणि ते चक्क वांगं. देठ लावायचा तेवढा बाकी. वेल्डरला विचारलं तेव्हा त्यानं आधी आढेवेढे घेतले, मग सांगून टाकलं की अठरा तारखेपासून सगळे त्याला वांगंच म्हणतात. म्हणजे त्या दिवशीची ती स्तब्धता ही होती तर.

फिरकी कोपऱ्यात ब्रश धूत होती. मी काय बोलायचं ते वाटेत ठरवून आलो होतो. सगळं विसरलो. म्हटलं, "ती वही परत दे. नीट वाचायची आहे."

"कशाला?"

"बरोबर केलंस का बघायला."

तिनं तिरपं पाहिलं. "एकवीस नंबरला मी चुकले होते. दोनदा करावं लागलं."

वही वाचली. एकवीस नंबर तेवढा चुकलाय, बाकी सगळे बरोबर. रागाची जागा शोधत होतो, सापडली नाही.

मग साहेबांकडे गेलो आणि सगळं सांगून टाकलं. एकतीस नोंदींसकट. सांगताना खुर्चीचे हात घट्ट धरून बसलो होतो. साहेब म्हणाले, वेळ कमी आहे, राखाडीच मारून मोकळे होऊ, किंवा बाहेरचा कंत्राटदार बोलावू. मी म्हटलं, दोन्ही नको. निळा फिरकी मिसळेल. वर्षभर तीच मिसळत आली आहे. फक्त कागदावर सही माझी होती. आता सही तिची घ्या.

साहेबांनी कॅलेंडरवर पेन्सिलीनं दिवस मोजले. "एकोणीस दिवस आहेत," म्हणाले. याचा अर्थ हो.

६ एप्रिल

वांगं घासून काढलं. मी काचेच्या केबिनमध्ये बसून बघतोय, पिंजऱ्यातल्या अस्वलासारखा.

आज फिरकीनं पाटीखालच्या बोटभर निळ्याशेजारी आपल्या मिश्रणाची पट्टी धरली आणि काचेकडे पाहून भुवया उंचावल्या. मी डावा डोळा झाकला. तळाचा तो रंग, ज्याला मी शेवाळ म्हणालो होतो, संध्याकाळी आभाळ काळोखायच्या आधी असतं तसा निळा होता. छत्तीस वर्षांपूर्वी मी ढवळला होता तो हाच. आणि शेजारची पट्टी? जुना कुठे संपतो आणि ती कुठे सुरू होते तेच कळेना.

तरी तोंड उघडलंच होतं. थेंबभर निळा वाढव म्हणणार होतो, सवयीनं. गिळलं. मान हलवली.

११ एप्रिल

दोन्ही बाजू निळ्या. कमरेला सायीचा पट्टा. ती साय खरंच सायीसारखी आहे, चुन्यासारखी नाही. आज माणसं बोलली. वेल्डर म्हणाला, "याला काय नाव ठेवायचं?" फिरकी म्हणाली, "चारशे सात."

१६ एप्रिल

तीन आठवडे आणि वर एक दिवस झाला. डॉक्टरांनी गॉगल लावून परवानगी दिली. लाल रेघ माझी. रेघेला नजरेपेक्षा हात आणि श्वास लागतो. लांब केसांचा ब्रश भरायचा, पायांवर सरकत चालत राहायचं, मध्ये थांबायचं नाही. थांबलं की रेघेला गाठ पडते.

डावी बाजू ओढून झाली. कमरेतून मोडलो होतो, पण रेघ सरळ होती. मग ब्रश धुतला, पुसला आणि फिरकीपुढे धरला.

"उजवी तू ओढ."

"मी? चोचीच्या नमुन्यावर?"

"मला दोन्हीकडे चालवत नाही आता," मी म्हटलं. चाललं असतं खरं तर.

तिनं ओढली. एरवी पाच मिनिटं न ठरणारी बाई इंजिनाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एका श्वासात गेली. नाकावर मधोमध दोन्ही रेघा मिळायच्या होत्या. तिची माझ्यापेक्षा केसभर वर आली. ती पुसायला फडकं घेऊन पुढे झाली.

"राहू दे," मी म्हटलं. माझी पुसली आणि तिच्या रेघेपर्यंत नेली.

२० एप्रिल

पाय दुखतायत, घसा बसलाय, थोडक्यात लिहितो. माणसं लोटली होती. मधल्या रुळावर चारशे सात, समोर टेबलावर डॉक्टरीणबाईंचं वीतभर चारशे सात. जो तो विचारत होता, लहान इंजिन फिकट का. मी आणि बाई आळीपाळीनं थेंबभर पांढऱ्याची गोष्ट सांगत होतो. शेवटी शेवटी बायकोही सांगायला लागली, आणि आमच्यापेक्षा चांगली सांगत होती.

एक म्हातारे ड्रायव्हर काठी टेकत आले. याच इंजिनावर त्यांनी नोकरीची पहिली बारा वर्षं काढली होती. दोन्ही बाजूंनी चक्कर मारली, चोचीवरून हात फिरवला, डोळे पुसले आणि मला म्हणाले, "काम झकास केलंत. पण एक सांगू का, राग मानू नका. याचा निळा असा हिरवट नव्हता."

मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांचा पत्ता लिहून दिला.

५ मे

डावा डोळाही झाला, अठ्ठावीसला. आता झाकून बघायला काही उरलं नाही, त्याची थोडी चुटपुट लागते.

डॉक्टरांनी अजून फवाऱ्याच्या जवळ जाऊ दिलेलं नाही, पण रेघांना परवानगी आहे. कागद निघाला आहे. रंगशाळेची जबाबदारी फिरकीकडे. मी रेघा आणि अक्षरं बघणार आणि नव्यांना ब्रश धरायला शिकवणार. साहेबांना वाटत होतं मला वाईट वाटेल. मला वाटलं नाही. पहिल्या दिवशी सवयीनं तिच्या खुर्चीत जाऊन बसलो, ती स्टूल ओढून शेजारी बसली, एवढंच.

आज एका इंजिनाच्या दारावर पिवळी रेघ ओढली. ती आली, वाकून पाहिली. "काका, खालच्या कोपऱ्यात जाड झालीय."

पाहिलं. झाली होती. पुसून पुन्हा ओढली. तोवर ती मागे हात बांधून उभी राहिली. नवी रेघ बघून काहीही न बोलता पुढच्या इंजिनाकडे गेली.

काम चांगलं झालं की मीही अकरा वर्षं असाच, काही न बोलता पुढे जात आलो. माझ्या मते ती शाबासकी होती. तिला ती तशी कळत होती का, हे आज पहिल्यांदा मनात आलं.

उद्या विचारतो.